मोठ्याबाईंचं काय करावं

मोठ्याबाई काही मरेनात.

दिवाळीच्या आधी त्यांना कोणीतरी जिन्यावरून ढकललं होतं. कोणी ढकललं ते टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, फक्त मालिकेतल्या घरच्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हापासून त्या पलंगावर पडून होत्या. नाकात नळी, शेजारी टूं टूं करणारं मशीन, अंगावर जरीची साडी. आता शाळांच्या परीक्षा संपत आल्या, तरी पडूनच.

"साडी कशी चुरगळत नाय गं हिची?" नवसाबाई म्हणाल्या.

"आयसीयूत रोज इस्त्रीवाला येत असेल," साधना म्हणाली.

नवसाबाई हसल्या, पण बेतानं. त्यांच्या डाव्या हातात दोन सुया होत्या. हात हलला की मशीन ओरडायचं आणि सिस्टर धावत यायची. हे मशीन खरं होतं, नाशिक रोडच्या डायलिसिस सेंटरमधलं. दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी नवसाबाई त्याच्याशेजारी आडव्या असायच्या आणि त्यांची सून साधना पाठ नसलेल्या स्टुलावर. मोबाइल उशीला टेकवलेला. इअरफोनचं एक टोक सासूच्या कानात, दुसरं सुनेच्या. वायर आखूड, त्यामुळे दोघींची डोकी एकमेकींना लागतील इतकी जवळ. घरी त्या इतक्या जवळ कधी बसल्या नव्हत्या.

"मावशी," शेजारच्या पलंगावरून चिमाजीकाका ओरडले. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस, कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून सगळ्यांनाच ऐकू जाईल असं बोलायचा. "मेली का तुमची ती?"

"नाय अजून."

"आमच्यात या. साउथचा डब केलेला पिक्चर. आतापर्यंत वीस माणसं गेली. तुमच्यात सहा महिन्यांत एक म्हातारी जाईना!"

"तुमच्यातली हवेत उडून मरत्यात. खाली पडेस्तोवर माणसाचं जेवण होतं."

चिमाजीकाका खदखदून हसले. त्यांचं मशीन ओरडलं. सिस्टर धावत आली.

*

मागील भागात

सासूला साधना 'आत्या' म्हणायची, त्यांच्याकडे तशीच पद्धत. पंचवटीत भाजीबाजारामागच्या बोळात त्यांच्या दोन खोल्या. साधनाचा नवरा दीपक पहाटे फुलं घेऊन येतो आणि घरातल्या बायका दिवसभर हार ओवतात. हात चालू, डोळे सुईवर, म्हणून टीव्ही बघायचा नाही, ऐकायचा. आणि ऐकता ऐकता मत द्यायचं.

या घरात कोणी कोणाला सरळ काही सांगत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी साधनाला माहेरची आठवण येऊन घशाखाली घास उतरत नव्हता. नवसाबाईंनी तिला काही विचारलं नाही. तेव्हा जी मालिका चालू होती, तिच्यातल्या सुनेबद्दल शेवंतीचे देठ खुडत त्या म्हणाल्या, "या पोरीला चार दिवस धाडलं पाहिजे. आवाज कसा झालाय बघ तिचा." दुसऱ्या दिवशी दीपक साधनाला निफाडच्या एसटीत बसवून आला. पुढे केव्हातरी साधना सुईत दोरा घालत म्हणाली, "ही बाई कपाटाची किल्ली कमरेला लावून झोपते. टोचत नसेल?" त्याच आठवड्यात नवसाबाईंच्या कमरेची किल्ली खिळ्यावर आली.

वर्षानुवर्षं असं चाललं. मालिका बदलल्या, सुना बदलल्या, एका सासूची तर नटीच बदलली आणि मालिकेत कोणालाही ते कळलं नाही. ह्या दोघींचं बोलणं मात्र तसंच. भांडणंही तशीच. एकदा एका खलनायिकेवरून त्यांनी इतका अबोला धरला, की दीपक टीव्ही विकायला निघाला होता.

किडन्या गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या संध्याकाळी नवसाबाई एवढंच म्हणाल्या, "आजकाल आजारपणं लय दाखवाया लागलेत."

*

जाहिरात

पाणी मोजून प्यायचं. केळं नाही, नारळपाणी नाही. फारच तहान लागली तर बर्फाचा खडा चघळायचा. पहाटे उठायचं, हार करायचे, डबा करायचा, रिक्षा बोलवायची, द्वारकेच्या चौकात गर्दीत अडकायचं. परत येताना पुन्हा अडकायचं. घरी आल्यावर आत्यांना उलटी, मग आत्यांना झोप, मग साधनाला उरलेले हार.

ही जाहिरात वगळता येत नाही.

*

पुढे चालू

त्या शुक्रवारी मालिकेतल्या डॉक्टरनं चष्मा काढला आणि म्हणाला, "आता सगळं देवाच्या हाती." हे तो दिवाळीपासून म्हणत होता. साधनाचे डोळे मिटत होते. मान एका बाजूला कलत होती आणि वायर ताणली की पुन्हा सरळ होत होती.

"काय करावं हिचं?" नवसाबाईंनी विचारलं. "तुला काय वाटतं?"

साधनाला काहीच वाटत नव्हतं. तिला फक्त पाठ टेकायला एक भिंत हवी होती.

"संपवावं आता," ती म्हणाली. "किती ताणायचं? तिला सुख नाही, घरच्यांना सुख नाही. सगळं घर अडकून पडलंय हिच्यापायी."

"हं."

"सूनबाईंनी निकाल दिला बघा, मावशी!" चिमाजीकाका म्हणाले.

नवसाबाईंनी मोकळ्या हातानं कानातलं टोक काढलं आणि डोळे मिटले. भाग अजून संपलेला नव्हता.

*

सोमवार

रिक्षावाला नाथा बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजवत होता आणि नवसाबाई घरातल्याच साडीवर, झेंडूच्या ढिगाऱ्याशी मांडी घालून बसल्या होत्या.

"आत्या, आवरलं नाही अजून?"

"नाय जायचं."

"बरं वाटत नाही का?"

"बरं हाय. ठरलं ना आपलं शुक्रवारी."

"काय ठरलं?"

नवसाबाईंनी वर पाहिलं. रागानं नाही. कामाला लागलेल्या माणसाला कोणी तेच ते पुन्हा विचारलं, की तो पाहतो तसं. "तूच म्हणलीस की. संपवावं म्हणून. मला बी तेच वाटत होतं. बरं झालं, बोललीस."

नाथानं परत हॉर्न दिला.

*

दहा सेकंद मागे

"संपवावं आता. किती ताणायचं?"

मालिका. मालिका ताणतात. कोणीही हेच म्हणतं.

दहा सेकंद मागे

"सगळं घर अडकून पडलंय हिच्यापायी."

हिच्यापायी म्हणताना ती कुठं बघत होती? मोबाइलकडे. मोबाइलच्या मागे उशी होती आणि उशीवर आत्यांचं डोकं.

दहा सेकंद मागे

"तिला सुख नाही."

मोठ्याबाईंना सुख नाही, हे तिला कोणी सांगितलं? मोठ्याबाई तर बेशुद्ध होत्या. उलट्या आत्यांना होत होत्या. पायात गोळे आत्यांना येत होते. तहानेनं जीभ आत्यांची कोरडी पडत होती.

मग ती बोलली कोणाबद्दल?

साधनानं आठवून आठवून पाहिलं. ज्या घरात अठरा वर्षं मालिकेवरचं एकही मत नुसतं मालिकेवरचं नव्हतं, त्या घरात ती हे बोलली होती. झोपेत बोलली म्हणावं, तर झोपेत माणूस खोटं बोलत नाही.

*

नवीन भाग

तिनं सुई घेतली आणि आत्यांच्या शेजारी बसली.

"मोठ्याबाई उठून बसल्या," झेंडू ओवत ती म्हणाली. "कालच दाखवलं. डोळे उघडले आणि चहा मागितला. नातवानं तर पायच धरले. मला आपलं वाटायचं, संपवावं. पण उठल्यावर किती बरं वाटलं बघायला."

नवसाबाई देठ खुडत राहिल्या.

"काल?"

"हो ना."

"काल रविवार. रविवारी नसती लागत."

साधनाची सुई थांबली.

"आन चहा कशाला मागंल ती?" नवसाबाई म्हणाल्या. "केशराचं दूध पिते ती. रचायचं तर नीट तरी रचावं."

बोळाच्या तोंडाशी रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. नाथानं वाट पाहून दुसरं भाडं घेतलं होतं.

*

आवाज बंद

संध्याकाळी दीपकला कळलं. सेंटरवरून त्याला फोन गेला होता. साधना ओट्याशी उभी राहून मिक्सर लावत होती, त्यामुळे दारातून तिला नुसतं दिसत होतं.

दीपक आईसमोर उकिडवा बसलाय. हात जोडतोय. उठतोय, खोलीत फिरतोय, रिकाम्या पाटीला लाथ मारतोय. पाटी स्वतःच सरळ करून ठेवतोय. पुन्हा बसतोय. मग आई त्याच्या केसांत अडकलेली झेंडूची पाकळी काढते आणि त्याला दाखवते. तो तोंड झाकून घेतो.

मिक्सर थांबला तेव्हा तो स्वयंपाकघरात आला होता.

"तू बोल तिच्याशी. तुझं ऐकते ती."

"माझंच ऐकून बसल्यात त्या," साधना म्हणाली.

त्यानं विचारलं नाही, काय ऐकून. त्यालाही याच घराची सवय होती.

*

आवाज चालू

मंगळवारी सकाळी नवसाबाईंचे पाय इतके सुजले होते, की चपलेत जाईनात. मोरीपर्यंत जाऊन आल्या तर धाप लागली. तरी त्या हाराला बसल्या. साधनानं त्यांच्या हातातली सुई काढून घेतली, टीव्हीचं बटण भिंतीवरूनच बंद केलं आणि समोर बसली. समोरासमोर बसल्यावर काय करायचं असतं, ते दोघींनाही नीट माहीत नव्हतं.

"आत्या, शुक्रवारी मी बोलले, ते तुमच्याबद्दलच असेल."

नवसाबाई बोटांना लागलेला झेंडूचा रंग पदराला पुसू लागल्या.

"मला खरंच कळत नाही. मालिकेबद्दल बोलायला गेले आणि तोंडातून ते आलं. दमले होते. दमलेय. रोज दमते. पण दमले म्हणजे तुम्हाला संपवा, असं नव्हतं म्हणायचं मला."

"मी बी दमले."

"ठाऊक आहे मला."

"कुठं ठाऊक हाय? कधी विचारलंस?"

"तुम्ही तरी मला कधी विचारलंत?"

हे फार मोठ्यानं आलं. बोळातून कोणीतरी जाता जाता थबकलं आणि पुढे गेलं. नवसाबाईंनी दोन-तीन श्वास घेतले. प्रत्येक श्वास कुठून तरी ओढून आणावा लागत होता.

"मग आता विचारते," त्या म्हणाल्या. "मी गेले, तर सुटल्यावानी वाटंल तुला?"

उत्तर तयार होतं. असं काय बोलता, आत्या. सगळ्या मालिकांतल्या सगळ्या सुना हेच म्हणतात, आणि म्हणताना पदर डोळ्यांना लावतात. साधनाच्या ओठांपर्यंत आलं ते. तिनं गिळलं.

"वाटेल," ती म्हणाली. "थोडे दिवस."

नवसाबाईंनी मान हलवली. "आन मग?"

"मग वाईट वाटेल. ते पुष्कळ दिवस."

फुलांवर मारलेलं पाणी गोणपाटातून फरशीवर ओघळत आलं, नवसाबाईंच्या सुजलेल्या पायापर्यंत. त्यांनी पाय बाजूला घेतला नाही. साधनाला वाटलं, आता त्या रडतील. त्या रडल्या नाहीत.

"आज जाते," त्या म्हणाल्या. "पुढचं पुढं. पण ऐक. ज्या दिवशी मला नको होईल, त्या दिवशी मी माझ्या तोंडानं सांगंन. तेव्हा तू मोठ्याबाई मधी आणायच्या नाय. चहा नाय, दूध नाय. ऐकायचं."

"ऐकीन."

"दीपकला बी ऐकायला लावायचं."

हे पहिल्यापेक्षा जड होतं. काल पाकळी बघून त्यानं तोंड झाकलं होतं, ते साधनाला आठवलं. त्याला कसं सांगायचं, कोणत्या शब्दांत, तिला काहीच सुचेना. तरी ती म्हणाली, "लावीन."

"बरं."

साधनानं सेंटरला फोन केला. सिस्टरनं आधी भरपूर ओरडून घेतलं, मग दुपारची जागा दिली. नाथाला फोन केला. डब्यासाठी ती उठायला लागली, तर नवसाबाईंनी तिचा हात धरून खाली बसवलं.

"तू नको येऊ. दीपकला घेऊन जाते. त्या स्टुलावर त्याला बी बसू दे एकदा."

"त्यांना जमायचं नाही, आत्या. त्यांना सुया बघवत नाहीत."

"नसू दे," नवसाबाई म्हणाल्या. "मला बी नाय बघवत."