मुतखड्यावरचं औषध

घाटंजीच्या घनश्यामभाऊंनी होणाऱ्या व्याह्यांच्या मानासाठी जेवणाची जागा निवडली, ती नेमकी ही! यवतमाळच्या बायपासवर नवीनच निघालेलं जर्मन पद्धतीचं हॉटेल. बिअर तिथल्या तिथंच बनते म्हणे. काचेपलीकडे माणसाहून उंच तांब्याचे हंडे, अलीकडे लांबच लांब लाकडी बाकं, आणि दारातच तो ओल्या जवाचा आंबूस वास. मंजुषानं नवऱ्याकडे पाहिलं. वामनराव छताकडे बघत होते.

अकरा महिने झाले, त्या माणसानं थेंबाला हात लावला नव्हता. निवृत्तीनंतर तर त्यांची सकाळीच सुरू व्हायची. मग दीड महिना नागपूरला व्यसनमुक्ती केंद्रात काढला. लोकांना काय सांगायचं? मंजुषानं बेधडक सांगून टाकलं, मुतखड्याचं ऑपरेशन झालं. का नाही सांगणार? मुलाचं, साकेतचं, लग्न व्हायचं होतं. आणि ज्या निशिगंधावर त्याचा जीव जडला होता, तिच्या थोरल्या बहिणीची ठरलेली सोयरीक तिच्या वडिलांनी, घनश्यामभाऊंनीच, हळदीच्या चार दिवस आधी मोडली होती. कारण एवढंच, की मुलाचा बाप पितो.

साकेत आणि निशिगंधा हंडे बघायला काचेपाशी गेली. साकेतचं अर्धं लक्ष मागे होतं. वेटर अक्षयनं गाठ मारलेला खारा पाव आणून ठेवला, सोबत वाटीत पिवळी चटणी.

"अवो माय, पावाले गाठ कायले मारली?" निशिगंधाची आई मैनाबाई हसल्या.

वामनरावांनी तुकडा मोडला, वाटीकडे नेला आणि थांबले. "यात काय आहे रे?"

"चीज सर, आणि आपलीच डार्क बिअर."

त्यांनी तुकडा कोरडाच खाल्ला. "त्यांना चीज बाधतं," मंजुषा घाईघाईनं म्हणाली. कुणी विचारलं होतं का तिला? पण खोट्याची सवय लागली की माणूस न विचारताच बोलतो.

सूप आलं, त्यातही बिअर. भजी आली, ती बिअरमध्येच भिजवलेली. वामनराव नुसते उकडलेले बटाटे खात राहिले, आणि मंजुषा प्रत्येक ताटलीमागे एक नवीन बहाणा शोधत राहिली. साधा वरणभात मिळणारं एक हॉटेल नव्हतं का अख्ख्या यवतमाळात!

मग अक्षयनं दोन मोठे काचेचे मग आणले. फेस काठावरून ओघळत होता. एक वामनरावांपुढे ठेवला, एक घनश्यामभाऊंपुढे.

"चौकशी करूनच आणलं तुमाले इथं," घनश्यामभाऊ खुलून म्हणाले. "तुमाले मुतखडा झालता, कळलं मले. ऑपरेशन झालं तरी खडा परत होते, त्याले याच्यासारखं औषध नाही! आमच्या गावच्या श्रावणचा खडा दोन बाटल्यात पडला. अन् हे काय दारू थोडी हाय, जवाचं पानी हाय. बाटलीतली शिळी कायले पाजू व्याह्याले? म्हटलं, ताजी बनते तिथंच नेऊ."

मंजुषाच्याच तोंडचा मुतखडा फिरून फिरून, मायेचं रूप घेऊन तिच्याच नवऱ्यापुढे आला होता.

"मी जिंदगीत थेंब नाही घेतला," घनश्यामभाऊंनी आपला मग उचलला, "पण व्याही एकटे कसे पितीन? आज तुमच्यासंगं एक घोट मी बी घेतो. समजा, सोयरीक पक्की!"

वामनरावांनी बायकोकडे पाहिलं. काहीतरी कर, अशी ती नजर होती. तेवढंच मागत होते ते.

आणि मंजुषाला साकेत दिसला, काचेला पाठ लावून उभा, चेहरा पांढराफटक. नाही म्हटलं तर हे विचारतील, का नाही. विचारलं की सगळं बाहेर. मग हीही सोयरीक गेली.

"घ्या हो," ती म्हणाली. "एवढ्या मायेनं देत आहेत. एका घोटानं काय होतंय?"

हे वाक्य वामनरावांचं होतं. वर्षानुवर्षं ते हेच म्हणायचे, आणि ती ओरडून, रडून, बाटल्या मोरीत ओतून त्याच वाक्याशी भांडली होती. आज तेच ती बोलली, हसून बोलली.

वामनराव तिच्याकडे बघतच राहिले. त्यांनी मग उचलला. ओठांजवळ नेला. फेस मिशीला लागला. साकेत धावत निघाला होता. मंजुषानं डोळे मिटून घेतले, लाजेनं की भीतीनं, तिचं तिलाच कळलं नाही.

टेबलावर मग ठेवल्याचा आवाज आला. वामनरावांनी रुमालानं मिशी पुसली आणि भरलेला मग दोन्ही हातांनी लांब सरकवला.

"घनश्यामभाऊ, मले मुतखडा नव्हता. मी दारुडा आहे. दीड महिना केंद्रात होतो. अकरा महिने झाले, बंद आहे. एक घोट घेतला, तर उद्या मले बाटली लागते."

घनश्यामभाऊंनी आपला मग खाली ठेवला. साकेत टेबलाशी येऊन खांबासारखा उभा राहिला, मागोमाग निशिगंधाही आली.

"मोठीची सोयरीक मी मोडली, ठाऊक हाय ना तुमाले?"

"ठाऊक आहे."

"त्या पोराच्या बापानं माह्या तोंडावर सांगतलं होतं, मी पीत नाही म्हणून. देवाची आण घेऊन सांगतलं. तुमी खरं बोलले." त्यांनी अक्षयला हाक मारली. "हे दोनी उचल बाप्पा. अन् काही गोड असन त आण."

साकेत मटकन बाकावर बसला. मंजुषाच्या डोळ्यांत पाणी आलं. जमलं होतं! तेवढ्यात मैनाबाईंनी तिच्याकडे मान वळवली. आवाजात राग नव्हता.

"ताई, तुमाले त सारं माहीत होतं नं? मंग तुमी 'घ्या' काहून म्हणलं?"

"सोयरीक मोडेल म्हणून भ्याले," मंजुषा म्हणाली.

"हं," मैनाबाई म्हणाल्या, आणि पदर सारखा केला.

सफरचंद भरलेला गरम गोड पदार्थ आला. घनश्यामभाऊंनी पहिला घास वामनरावांच्या तोंडात घातला, साकेतनं निशिगंधाला भरवला, सगळ्यांची तोंडं गोड झाली. मंजुषानंही एक तुकडा मोडून नवऱ्यापुढे धरला. वामनरावांनी तोंड उघडलं नाही. तिच्या बोटांतून तो तुकडा हातात घेतला, ताटलीच्या कडेला ठेवला आणि घनश्यामभाऊंशी साखरपुड्याच्या तारखेचं बोलू लागले.