नेलपॉलिशची रेघ

आमच्या थोरल्या दिरांच्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. तरी गल्लीने त्यांच्यावरच विश्वास ठेवला, याचा मला आजही संताप येतो.

भांडणाचं मूळ एक बाटली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, टेकडीखालच्या डिस्टिलरीत पिंपांच्या कोठारावर होते. सिंगल मॉल्ट व्हिस्कीची ती जुनी भट्टी बंद पडली, तेव्हा शेवटच्या पिंपातली एकेक बाटली जुन्या माणसांना मिळाली. आमचे हे तिथेच बाटल्यांची तोंडं लाखेत बुडवून बंद करायचे. मामंजींच्या बाटलीची लाल लाखही यांच्याच हातची. मामंजी जाताना ती दोघा मुलांना मिळून ठेवून गेले. दोन मांजरांत एक मासा ठेवावा, तसं. पण मामंजींना पिंपं कळत, मुलगे कळत नसत.

भट्टी बंद झाल्यावर हे प्यायला लागले, ते मी लपवत नाही. हाताला काम नव्हतं, कोपऱ्यावरची स्वस्तातली ढोसायचे. मुलगी झाली आणि यांनी एका दिवसात दारू सोडली, ती सोडलीच. त्यानंतर एकदा भाऊजींनी काचेच्या कपाटातली बाटली उजेडाला धरली आणि म्हणाले, पातळी खाली गेली आहे. लाख तर शाबूत होती. पण तशीच लाख पुन्हा चढवू शकेल असा घरात एकच माणूस आहे, असं म्हणून त्यांनी यांच्याकडे बघितलं. यांचं कसबच यांच्या मुळावर आलं. हे एवढंच म्हणाले की दादा, मी हात लावलेला नाही.

जाऊबाईंनी आपल्या गुलाबी नेलपॉलिशने पातळीवर काचेला रेघ ओढली. बाटली वरच्या मजल्यावर त्यांच्या लोखंडी कपाटात गेली आणि किल्ली भाऊजींनी साखळीत ओवून गळ्यात घातली. ते वर, आम्ही खाली. एवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण दर रविवारी समोरच्या न्हाव्याकडे दाढी करताना भाऊजी हीच कथा लावायचे. धाकट्याने बापाची बाटली उघडली, प्यायला आणि वर लाख लावून ठेवली. रविवारी त्या दुकानात अख्खी भट्टी दाढीला बसते, त्यामुळे वेगळी दवंडी पिटायची गरजच नव्हती.

गेल्या वर्षी नव्या मालकाने भट्टी पुन्हा सुरू केली. हे इस्त्रीचा शर्ट घालून काम मागायला गेले. लाखेच्या खोलीचा मुकादम जुन्या ओळखीचा. त्याने बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला की तुझ्या हाताला तोड नाही, पण तुझा सख्खा भाऊ जे सांगतो ते ऐकून तुला बाटल्यांजवळ ठेवू कसा? हे घरी आले आणि शर्ट काढून खुंटीला लावला. त्या दिवशी वर जाऊन भाऊजींची जीभ हासडावी असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

मग एका रविवारी दलाल आला. भट्टी चालू झाली तशी, बंद पडण्याआधीच्या बाटल्यांना शौकिनांत भलताच भाव आला होता, आणि कुणा संग्राहकाने याला पाठवलं होतं. बाटली दोघांची, म्हणून आम्हालाही वर बोलावणं आलं. जाऊबाईंनी ठेवणीतले कप काढले होते. भाऊजींनी गळ्यातल्या किल्लीने कपाट उघडलं. दलालाने पांढरे हातमोजे चढवून बाटली खिडकीपाशी धरली.

व्हिस्की गुलाबी रेघेच्या चांगली बोटभर खाली होती.

मीच विचारलं. "भाऊजी, किल्ली तुमच्याच गळ्यात होती ना?"

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. जाऊबाई त्यांच्याकडे अशा काही बघायला लागल्या की मला भाऊजींची दया यायचीच बाकी होती. शेवटी दलालालाच राहवलं नाही. बूच कितीही घट्ट असलं तरी जुन्या बाटलीतून व्हिस्की हळूहळू उडतेच, त्याने सांगितलं. वयाच्या मानाने ही तर चांगली भरलेली आहे. भाऊजी लगेच म्हणाले, बघा, म्हणजे कुणीच प्यायलं नाही.

"तेव्हाही नाही," मी म्हटलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण दलालाचं समाधान झालं नव्हतं. आमचा पत्ता त्याने न्हाव्याच्या दुकानात विचारला होता, आणि पत्त्याबरोबर त्याला कथाही मिळाली होती. ती बाटली होय, ती तर धाकट्याने पिऊन पुन्हा लाख लावलेली. मग आत मूळचीच व्हिस्की आहे याची खात्री कोण देणार? लाख ज्याने लावली त्याच्याच तोंडून त्याला ऐकायचं होतं.

सगळे यांच्याकडे बघायला लागले. भाऊजींनी यांच्या खांद्यावर हात ठेवला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "सांग की रे यांना, तू हात लावला नाहीस म्हणून."

यांनी तो हात उचलून खाली सोडला. "माझं सांगून झालंय. आता दादालाच विचारा. इतकी वर्षं सांगतोय, तो कशाला खोटं बोलेल?"

भाऊजी हसायला गेले. ती गंमत होती, भावाभावांतली चेष्टा होती, असं काहीबाही बोलले. मी म्हटलं, गंमत जिथे केली तिथेच जाऊन निस्तरा, न्हाव्याचं दुकान उघडं आहे.

"चार लोकांत मी माझी शोभा करून घेऊ?"

"आमची केलीत ती काय बंद खोलीत?"

दलालाला आमच्या घरच्या धुण्यात रस नव्हता. जिच्याबद्दल गल्लीच शंका घेते ती बाटली माझं गिऱ्हाईक घेणार नाही, एवढं बोलून त्याने हातमोजे काढले आणि तो जिना उतरला. भाऊजी बाटलीकडे बघत राहिले. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा ते नुसत्या मोज्यांवर जिन्याने धावले. आम्ही खिडकीशी गेलो. गाडी निघाली होती आणि भाऊजी तिच्यामागे, रस्त्याच्या मधोमध.

"थांबा! माझा भाऊ थेंबभर प्यायला नाही! खोटं मी बोललो, मी!"

न्हाव्याच्या दुकानाचं दार उघडलं. गळ्याला टॉवेल बांधलेली माणसं बाहेर आली. त्यांत मुकादम होता, अर्ध्या गालाला साबण. भाऊजी आणखी दोनदा ओरडले. गाडी कोपऱ्यावर वळून गेली. मुकादमाने वर खिडकीत यांच्याकडे बघितलं आणि बघतच राहिला. कामावर बोलवायचं की नाही ते त्याचं तो बघेल, पण ऐकलं त्यानेही. मला आनंद झाला आणि तेवढीच चीडही आली. सख्ख्या भावासाठी जे कधी तोंडातून निघालं नाही, ते एका परक्या गिऱ्हाइकासाठी निघालं होतं.

भाऊजी धापा टाकत वर आले. गेला, म्हणाले, आता हिचं काय करायचं?

हे मेजापाशी गेले. बाटली उचलून त्यांनी मानेवरच्या लाखेवरून अंगठा फिरवला. "चांगली बसलीय," म्हणाले. मग बाटली स्वतःच्या हाताने लोखंडी कपाटात ठेवली, कपाट लावून घेतलं आणि भाऊजींपुढे हात पसरला. "किल्ली."

"अरे, त्यात माझे कपडे आहेत."

"लागले की खाली येऊन माग. मी उघडून देईन."

भाऊजींनी जाऊबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेवटी साखळी गळ्यातून काढायला लागले. ती आखूड होती, कानाला अडकली. जाऊबाई मदतीला उठल्या.

"बसा, जाऊबाई," मी म्हटलं. "काढू द्या त्यांना."