तेवीस तळटिपा

“माहं नाव खाली काहून?”

मारोतरावांनी माझा फुलस्केप कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला होता आणि पानाच्या तळाशी बोट टेकवलं होतं. मारोतराव म्हणजे आमच्या गावचे जुने मालगुजार, इकडचे जमीनदार. मालगुजारी जाऊन पंचवीस वर्षं उलटली होती, पण ही बातमी त्यांना अजून कोणी दिलेली नव्हती.

“ते तळटीप आहे जी,” मी म्हणालो. “माहिती कोणी सांगितली, त्याचं नाव खालीच लिहा लागते.”

“लग्नपत्रिकेत खाली लेकराची नावं राहतात. ‘आमच्या काकाच्या लग्नाले नक्की या.’ मी लेकरू आहो का?”

सानगडीच्या आसपासच्या आमच्या गावांत लग्नपत्रिकेवर कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली यावरून सख्खे भाऊ तीन-तीन वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. आणि मी तर कॉलेजचा कागद घेऊन आलेलो, म्हणजे पत्रिकेपेक्षा वरच्या दर्जाची वस्तू.

हा कागद आमच्या मधुकरराव सरांच्या डोक्यातून निघाला होता. सत्याहत्तर साली मी साकोलीला, तालुक्याच्या कॉलेजात, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं, आणि त्याच वर्षी सर नागपूरहून बदलून आले. आल्या आल्या त्यांनी ‘मी केलेला प्रवास’ असा निबंध लिहायला दिला. आम्ही बत्तीस जण. भंडाऱ्याच्या पलीकडे गेलेले असतील तर चार. पण बत्तीसही जण काश्मीरला जाऊन आले, बत्तीसही जणांना तिथे काका होते आणि सगळ्यांच्या काकांचं नाव वसंतराव होतं. गाईड एकच होतं, त्याला आम्ही काय करणार?

सर रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की आता प्रत्येकानं आपल्या गावातली एक गोष्ट स्वतः शोधून काढायची, आठ पानं लिहायची, कुठलं वाक्य कोणाकडून कळलं ते पानाखाली नोंदवायचं, आणि वर्गासमोर दहा मिनिटं न वाचता बोलायचं. ज्याला हे जमणार नाही त्याच्या परीक्षेच्या फॉर्मवर सही मिळणार नाही.

न वाचता बोलायचं, आणि तेही मी! मी चारचौघांत स्वतःचं नावसुद्धा धड सांगत नसे. आणि माझ्या बापानं, म्हणजे कवडू पाटलानं, मला कॉलेजात घातलं होतं तेच मुळी बोलण्यासाठी. तहसिलीत जमिनीच्या कामाला गेला की बाबा साहेबासमोर टोपी हातात घेऊन उभा राही आणि न बोलता परत येई. “घरात एक तरी तोंडाचा पाहिजे,” तो म्हणायचा. “एक साल पाहतो. तोंड उघडलं त शीक. नाही उघडलं त वखर आहेच.”

तर मी विषय घेतला आमच्या तलावाचं पाणीवाटप. आणि माहिती विचारायला गेलो सुखरामकडे. सुखराम आमचा पाणकर. तलावाचं पाणी सोडायच्या दाराला आमच्याकडे तुडुम म्हणतात. ते उघडायचं, बंद करायचं, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, किती वेळ पाणी जाऊ द्यायचं, हे सगळं तो तीस वर्षं बघत होता. खांद्यावर पावडा, गुडघ्यापर्यंत चिखल. तो चालत चालत सांगायचा आणि मी मागून धावत लिहायचो. दोनदा मी वहीसकट धानात पडलो. त्यानं मला बखोटीला धरून उभं केलं आणि पुढचं वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच सुरू केलं.

आठ पानं झाली. खाली चोवीस टिपा. एक मारोतरावांची, तलाव त्यांच्या आज्यानं कधी खोदला त्याची. उरलेल्या तेवीस सुखरामच्या. ‘सुखराम, पाणकर.’ ‘सुखराम, पाणकर.’ पानोपानी असं.

ते कागद मारोतरावांना दाखवायला नेले, तर ते असे पेटले होते, आणि घाबरून माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं. “मालक, लग्नपत्रिकेचं सोडा. पंचनाम्यात पंचाच्या सह्या कुठी राहतात? खालीच ना?”

मारोतराव थांबले. चेहरा हळूहळू उजळला. “म्हणजे आम्ही पंच?”

“हो जी.”

“मंग एकच सही काहून? आन् पहिल्या नंबरवर हा पानकर कसा?”

घ्या. एका खड्ड्यातून निघालो आणि विहिरीत पडलो.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कवडूच्या पोराच्या कागदावर पंच नेमणं चालू आहे. किराणा दुकानाचे भय्याजी आले. फुलस्केप त्यांच्या दुकानातला, दोन कागद त्यांनी वरून दिलेले, तेव्हा दोन टिपांवर त्यांचा हक्कच होता. महिला मंडळाच्या पुष्पाबाई आल्या. “आठ पानं आन् एक बी बाई नाही? बाया का पानी पीत नाही?” त्यांनी चार नेल्या. मारोतरावांनी सात घेतल्या. उरलेल्या त्यांच्या पुतण्या-भाच्यांत प्रसादासारख्या वाटल्या गेल्या. मी बाबाकडे पाहिलं. बाबा टोपी हातात घेऊन उभा होता. “दे ना बाबू,” तो हळूच म्हणाला. “आपल्याले गावात राहाचं आहे.”

मी पुन्हा आठ पानं लिहून काढली. सुखरामच्या तेवीसपैकी एकही उरली नाही.

त्याला सांगायला गेलो तेव्हा मला खरंच लाज वाटत होती. तो तुडुमाजवळचा गाळ काढत होता.

“काढून टाक ना,” तो म्हणाला. “माहं का अडलं आहे तिथी?” आणि पुन्हा गाळ काढू लागला. त्यानं भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बोलण्याची तालीम मात्र जोरात होती. बाबा रोज खाटेवर साहेब होऊन बसे. मी समोर उभा राहून “आदरणीय सर” म्हणे आणि पाणी दुसऱ्या पानावर पोचायच्या आत साहेब घोरायला लागे.

कॉलेजच्या दिवशी सकाळच्या एसटीनं गावातली अकरा माणसं निघाली. पंच म्हटल्यावर हजर राहायला नको? मारोतराव नवं धोतर नेसून पहिल्या बाकावर बसले. पुष्पाबाईंनी मुलींच्या बाकावर जागा करून घेतली. बाबा शेवटच्या बाकावर अंग चोरून बसला. सरांनी एवढी गर्दी पाहिली, चष्मा पुसला, सगळ्यांची नावं विचारून घेतली आणि मला खूण केली.

पहिलं मिनिट काही आठवत नाही. नंतर शब्द यायला लागले. तलाव, त्याची मातीची पार, तुडुम, बांध्यांचा क्रम. सगळं सुखरामच्या चालीनं डोक्यात बसलं होतं, ते तसंच बाहेर पडत गेलं. दहा मिनिटं झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण सुटलो, असं मला वाटलं.

सर माझे कागद चाळत होते. “टीप सात,” ते म्हणाले. “शेवटच्या टोकाच्या बांधीला पाणी आधी देतात, तलावाजवळच्या बांधीला सगळ्यांत शेवटी. हे मारोतरावांनी सांगितलं. असं उलटं का?”

मला माहीत नव्हतं. मी ते विचारलंच नव्हतं.

“हरकत नाही, मारोतराव इथे आहेत,” सर म्हणाले. “आपण सांगता का?”

मारोतराव उठले, खाकरले. “त्याचं असं आहे सर, ते आमची परंपरा आहे.”

“पण कारण?”

“कारण… ते सुखरामले विचारा लागन.”

सरांनी पान उलटलं. “टीप अकरा. तुडुम एकदम पूर्ण उघडत नाहीत. भय्याजी?”

“मी त दिवसभर दुकानात राहतो जी,” भय्याजी बसल्या बसल्या म्हणाले. “सुखरामले मालूम.”

टीप चौदा. पुष्पाबाई पदर सावरत म्हणाल्या, “ते सुखराम सांगते ना बरोबर.” टीप सोळाचा भाचा म्हणाला, सुखराम. टीप एकोणीसचा पुतण्या नुसता सुखरामच्या दिशेनं, म्हणजे गावाच्या दिशेनं, हात करून बसला. मुलं हसायला लागली.

“हा सुखराम कोण?” सरांनी मला विचारलं. “चोवीस टिपांत तो कुठेच नाही.”

मारोतराव माझ्याकडे बघत होते. मागे बाबा बघत होता. खोटं बोललो तर सही जाणार, आणि खरं बोललो तर गावात बापाचं जिणं कठीण होणार.

“सगळं त्यानंच सांगितलं सर,” मी म्हणालो. “तेवीसही टिपा त्याच्या होत्या. मी खोडल्या.”

“पूर्ण नाव काय त्याचं?”

सुखराम. पाणकर. पुढे काय? मी मारोतरावांकडे पाहिलं, त्यांनी भय्याजींकडे पाहिलं, भय्याजींनी पुष्पाबाईंकडे. तीस वर्षं ज्याच्या हातचं पाणी सगळ्यांच्या धानाला मिळत होतं, त्याचं नाव अकरा माणसांत एकालाही पुरतं सांगता येईना. एवढी शरम मला आयुष्यात वाटली नाही.

सरांनी कागद माझ्या हातात दिले. “नाव विचारून ये. कारणही विचारून ये. सोमवारी परत लिहून आण, मग सही करतो.”

मारोतराव तेवढ्यात पुन्हा उठले. “सर, तलाव आमच्या आज्यानं खोदला, ते मात्र मीच सांगितलं.”

“ती टीप राहील,” सर म्हणाले.

“मंग ठीक आहे,” म्हणून ते बसले.

परतीच्या एसटीत आमच्याशी कोणी बोललं नाही. “मारोतराव आता सहा महिने तुझ्याशी बोलणार नाही,” मी बाबाला म्हणालो.

“नाही बोलला त नाही बोलला,” बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाला. “तू बोलला ना.” थोड्या वेळानं त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि साकोली ते सानगडी ती काढली नाही.

उन्हं उतरताना मी तलावावर गेलो. तुडुम उघडलेलं होतं. पाटातलं पाणी पुढे निघालं होतं आणि सुखराम काठाकाठानं वाळकं गवत बाजूला सारत होता. मी घडलेलं सगळं सांगितलं. तो गवत सारत राहिला.

“टोकावरच्या बांधीले आधी काहून, हे सांगता नाही आलं मले,” मी म्हणालो.

“तुनं इचारलंच कुठी होतं?”

“आता विचारतो.”

तो पावड्यावर रेलला. “जवळच्याले पानी नाही भेटलं, त तो पारीवर येऊन बोंबलते. मले आयकू येते. टोकावरच्या माणसाचा आवाज इथपर्यंत येत नाही, बाबू. म्हणून त्याले आधी.”

मी ते उभ्या उभ्या लिहून घेतलं. मग खाली रेघ मारली आणि विचारलं, “पूर्ण नाव सांग.”

त्यानं हातांचा चिखल पुसला. “सुखराम डोमाजी वलथरे.”

मी लिहिलं.

“वाच बरं,” तो म्हणाला.

मी वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं. त्यानं मान हलवली, पावडा खांद्यावर टाकला आणि बांध्यांच्या टोकाकडे चालू लागला. पाटातलं पाणी त्याच्या थोडं पुढे होतं.