प्रेसखालची काकडी

मित्रांनो, मी एक जुना, जेमतेम पाच ओळींचा कोड आहे. झाशीजवळच्या बिजौलीत पत्रा कापणाऱ्या एका प्रेसच्या पोटात मी राहतो. प्रेसखाली कुणाचा हात गेला की सेन्सर निरोप देतो आणि मी तिला जागच्या जागी थांबवतो. काम एवढेच, पण त्यावर माणसांची बोटे अवलंबून आहेत.

एकोणीस वर्षांपूर्वी झाशीतल्याच नगरा वस्तीत राहणाऱ्या सुभाषचंद्रकाकांनी मला लिहिले. बाकीचा प्रोग्राम माणसांना वाचता येईल अशा भाषेत होता. त्याचे मशीनच्या भाषेत रूपांतर कंपाइलर करायचा. मला मात्र काकांनी थेट मशीनच्याच भाषेत लिहून मधे बसवले. कंपाइलर सेन्सरचा निरोप नेहमी मशीनच्या स्मृतीतल्या एकाच ठरावीक खणात ठेवतो, हे त्यांनी हेरले होते. कुठल्याही पुस्तकात तसे लिहिलेले नव्हते. "ठेवतोय ना? मग झालं तर!" म्हणत त्यांनी मला सरळ त्या खणात हात घालायला शिकवले. मी भलताच चपळ निघालो. कौतुक झाले आणि खरे सांगतो, मी जरा शेफारलोच. पुढे काका निवृत्त झाले. मग मला कुणी उघडूनही पाहिले नाही.

गेल्या महिन्यात ईशानी नावाच्या नव्या इंजिनिअरने नवा कंपाइलर आणला आणि सगळ्या प्रोग्रामचे रूपांतर त्याच्याकडून पुन्हा करून घेतले. त्याने तो खण दुसऱ्याच कामाला घेतला. त्याचा काय दोष? त्याने कुणाला शब्द थोडाच दिला होता!

प्रेस चालवणारी तारा रोज सकाळी आधी एक काकडी प्रेसखाली सरकवते. प्रेस थांबली, तरच स्वतःचा हात घालते. सगळे तिला हसायचे, मीसुद्धा. त्या सकाळी मी सवयीने खण उघडला, तर आत भलतेच काहीतरी! प्रेस धाडकन खाली आली.

"हाय राम! ककडी तो पिस गई!" तारा ओरडली आणि आपल्या बोटांकडे बघत राहिली. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ईशानीने फोन करताच काका धावत आले. "काका, या खणाचं कुठेच लिहून ठेवलेलं नाहीये," ती म्हणाली. काका तारासमोर जाऊन उभे राहिले. "गलती मेरी है, बेटी."

मग मला काय हवे ते त्यांनी कंपाइलरला रीतसर सांगितले. आता खण कुठलाही असो, निरोप तो स्वतः माझ्या हाती देतो. शेजारी काकांनी तसे लिहूनही ठेवले. ताराने दुसरी काकडी सरकवली. प्रेस थांबली. ताराने त्या अख्ख्या काकडीचे दोन तुकडे केले आणि एक काकांच्या हातावर ठेवला.

मित्रांनो, आजवर चालले म्हणून उद्याही चालेल, असे धरून बसू नका. हवे ते नीट मागा आणि मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवा. तारा अजूनही रोज काकडी आणते. आता मला हसू येत नाही. काकडी आली नाही, तर मलाच चैन पडणार नाही.