निरोप देऊन झाल्यावर

...आणि बॅगेचं कुलूप म्हणावं तर नखाएवढं. हातोडीचा एक टोला पुरे होता, पण तीन आठवडे ती त्याच्याकडे नुसती बघत होती. बॅगेत तिचे सगळे बरे कपडे, तिचा टॉवेल, तिच्या चपला, आणि किल्ली आईकडे. "उघडलीस तर पुन्हा सगळं बसायचं नाही हं," आई म्हणायची, आणि ते खोटंही नव्हतं. बॅग भरली त्या संध्याकाळी दादा ती छातीशी कवटाळून वजनकाट्यावर चढला होता, मग नुसताच चढला होता, आणि वजाबाकी करून बॅग जड निघाली तेव्हा दोघांनी जाडा स्वेटर बाहेर ओढून काढला होता... हसून हसून दादाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हा तो तिच्याशी हसत होता.

आता ती वहिनीचा गाऊन घालून स्वतःच्याच घरात उसनवारीवर राहत होती. गाऊन खांद्यावरून सारखा घसरायचा. तो वर ओढता ओढता तिला रडू यायचं, आणि गाऊनपायी रडू येतं याचा वर आणखी संताप.

झालं होतं ते एवढंच. सहा वर्षं कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत परक्यांचे दात घासून गुळगुळीत केल्यावर तिनं त्याच विद्येच्या पुढच्या शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठात अर्ज केला आणि प्रवेश मिळाला. नोकरी सोडली, तिकीट काढलं, व्हिसाचा शिक्का बसलेला पासपोर्ट 'आज-उद्या' हातात पडणार होता. त्या आज-उद्याच्या भरवशावर घरानं निरोपाचं जेवण घालून टाकलं — बाजारात तुरी म्हणतात ती हीच. पासपोर्ट आलाच नाही. अधिक तपासणी चालू आहे, कळवू. विद्यापीठ शुक्रवारपर्यंत जागा राखणार होतं, त्यानंतर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती. शुक्रवार परवावर आला होता.

राग काढायचा तरी कुणावर? व्हिसाच्या कार्यालयातली काचेमागची बाई इतकी गोड बोलायची की भांडायलाही जागा सापडू नये. प्रयोगशाळेत एकदा सहज म्हणून डोकावली, तर तिच्या खुर्चीवर नवी मुलगी, आणि साहेबांनी तिला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवून चहा मागवला. कोपऱ्यावरचा वाणी तर रोज न चुकता, "अरे, अजून इथेच?" अजून इथेच! जसं काही तिनं भेटवस्तू घेऊन ठेवल्या आणि जायचं तेवढं टाळलं. हल्ली ती लांबच्या गल्लीनं जायची. लोकांना एकदा निरोप देऊन झाला की माणूस समोर दिसलेलं खपत नाही — तिलाही खपलं नसतं.

पण हे सगळं सोसलं असतं. ते वाक्य सोसवत नव्हतं.

जेवणाच्या त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर बाबांनी तिला दारापाशी गाठलं होतं. लिफ्ट दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला माणूस, बोलला तर कामापुरता. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि भडाभडा बोलून गेले, "तुझा दादा चांगलाय, करतो सगळं... पण माझा जीव तुझ्यात आहे गं. तू गेलीस की माझं ऐकणारं कोण आहे इथे?" आणि रडले. तीही रडली. मागे वळली तर पाणी प्यायला आलेला दादा, हातात तांब्या.

दुसऱ्या दिवशी ती गेली असती तर सगळं ठीक होतं. असली वाक्यं निघणाऱ्या माणसाला सांगायची असतात, त्यानं ती बरोबर न्यायची असतात. पण ती गेलीच नाही, आणि ते वाक्य घरातच राहिलं, सकाळच्या चहाला, जेवायला, सगळ्यांच्या मधोमध. बाबा तिच्याकडे बघेनात. पहाटेच फिरायला जायचे, आल्यावर वर्तमानपत्रात डोकं. आणि दादा, जो तिला जन्मभर 'बारके' म्हणून टपली मारत आला, तो सभ्य झाला होता. आजही सकाळी वहिनीला म्हणाला, "पाहुण्यांना चहा दिलास का?" वहिनी हसली. मी पाहुणी नाही रे, माझ्यावर ओरड, माझा रिमोट हिसकाव — पण हे बोलायचं कसं? बोललं तर ते वाक्यही बोलावं लागलं असतं. तिनं चहा घेतला आणि "थँक्यू" म्हणाली. दादाला थँक्यू!

दुपारी घरात जीव गुदमरला म्हणून ती वहिनीच्या चपला घालून बाहेर पडली, आणि बसथांब्यापाशी फोन वाजला. आपले पाकीट तयार आहे, कार्यालयीन वेळेत घेऊन जावे.

एवढंच. पाकिटात शिक्का की नकार, ते पाकीट उघडल्यावरच कळणार. चारपर्यंत खिडकी उघडी होती, समोर बसही आली. तीन आठवडे ज्याच्यासाठी देव पाण्यात घातले ते हाताशी आलं होतं, आणि तिचे पाय हलेनात. ती थांब्याच्या बाकावर बसली. एक बस गेली, दुसरी गेली. शिक्का असला तर परवा पुन्हा सगळे दारात गोळा होतील, बाबाही असतील... आणि आता त्यांच्याकडे बोलायला काय उरलं असेल? आणि नकार असला तर? त्या वाक्यासकट ती जन्मभर या घरात. खिडकी बंद व्हायची वेळ टळली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि स्वतःची भयंकर चीड आली.

संध्याकाळी ती गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होती. मागे पावलं वाजली.

"आलं का गं काही?" बाबा.

हा प्रश्न तिला दिवसातून दहादा विचारला जायचा आणि दरवेळी डोक्यात तिडीक जायची. आता गेली नाही. त्यांनी बऱ्याच दिवसांनी सरळ तिच्याकडे बघून विचारलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

खोटं इतकं सहज निघालं की तीच दचकली. बाबांनी मान हलवली. "येईल," म्हणाले, पण आत गेले नाहीत. दोरीवरचा टॉवेल काढून चुकीची घडी घालत तिथंच उभे राहिले. "त्या डॉक्टरच्या बिल्डिंगवाल्यांनी आज बोलावलं होतं. लिफ्टचा दोर बदला म्हणून गेल्या वर्षीच सांगितलं होतं मी. पण ऐकतंय कोण."

"मग?"

"मग काय, आता आवाज करतोय." आणि मग दोर कसा झिजतो, वंगण कुठे घालायचं, नवे लोक काय काय चुका करतात, ते सांगत सुटले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

आज दुपारपर्यंत तिला एकाच गोष्टीची भीती होती, नकाराची. ती चांगली भीती होती, सरळ, कुणालाही सांगता येण्यासारखी. उद्या सकाळी खिडकी उघडेल तेव्हा तिला पहिल्या नंबरवर उभं राहावंच लागणार होतं. बाबा बोलत होते, ती "हं, हं" करत होती, आणि त्या पाकिटात काय निघावं म्हणून देवाकडे मागायचं ते तिला आता कळेना.