क्रेन पाण्यात असताना

रस्त्यात उभी राहून वाहतूक अडवणारी, इमारतीवर पाण्याची टाकी चढवणारी क्रेन डोळ्यांसमोर आणू नका. ती थोरलीच्या नखाला पुरायची नाही. थोरली म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रेन म्हणतात ना, त्यांच्या पंगतीतली. तिचा हात वर गेला की टोक बघायला मान मोडेपर्यंत मागे टाकावी लागते. गोल रुळांवर ती फिरते आणि हजारो टनांचं लोखंड इतक्या सावकाश उचलते, की खाली उभ्या माणसाला काही हललंय हेच आधी कळत नाही. तिचा तोल राहावा म्हणून पाठीमागे डोंगराएवढं वजन लागतं. ते जहाजातून कोण नेणार? म्हणून नुसते रिकामे कंटेनर न्यायचे, जिथं काम असेल तिथलीच वाळू त्यांत भरायची, आणि काम संपलं की तिथंच ओतून मोकळं व्हायचं.

काम संपलं की थोरलीचेही तुकडे होतात. हात सुटतो, पाय सुटतात, रूळ सुटतात, आणि सगळा बारदाना जहाजावर चढून पुढच्या देशाला निघतो. ते महिने थोरली पाण्यात, आणि थोरली पाण्यात असली की तिचा ऑपरेटर घरी. गेली कितीतरी वर्षं त्याच्या घरी येण्याला दुसरं काही निमित्तच नव्हतं. बॅग घेऊन गल्लीत शिरला की कोपऱ्यावरचा लॉन्ड्रीवाला हटकून विचारायचा, "काय, क्रेन पाण्यात का?"

त्याची बायको तर थोरलीला सरळ सवतच म्हणायची. "ती थोरली, म्हणजे मी धाकटी झाले," असं ती फोनवर म्हणायची. "सवत कशी आहे? आज काय उचललं तिनं? माझ्या घरी पाठवा एकदा, कपाटामागचा कचरा काढायचाय."

हे फोन रोजचे. पाळी संपली, इंजिन बंद झालं, की तो काचेच्या केबिनमध्येच बसून राहायचा आणि घरी फोन लावायचा. मग काय विचारता! बाईंच्या तोंडाचा पट्टा जो सुटायचा तो सुटायचाच. बँकेतला कारकून कसा खेकसला, वरच्या मजल्यावरची कोणाशी भांडली, नळवाल्यानं जुनाच वॉशर नवा म्हणून कसा बसवला आणि हिनं त्याला कसा परत बोलावून झापला, सगळं आवाजासकट. नकला करायची ती. कारकून झाली की नाकात बोलायची. तो त्या केबिनमध्ये एकटाच पोट धरून हसायचा, आणि खाली पहारेकरी वर बघून म्हणायचा, झालं, याचं सुरू.

बाकी कामावर हसायला कोण होतं? कामच तसं. थोरलीनं उचललेला अणुभट्टीचा घुमट भिंतीपलीकडे उतरवायचा असला, की ऑपरेटरला तो दिसतही नाही. त्याला दिसतात फक्त पडद्यावरचे आकडे. पलीकडे उभा असतो इशारेवाला. तो वॉकीटॉकीवर सतत बोलत राहतो, "खाली, खाली, येऊ दे, येऊ दे, हळू, अजून, अजून." मध्ये थांबायचं नाही, असा नियमच आहे. आवाज थांबला की काहीतरी बिनसलंय असं समजायचं आणि ऑपरेटरनं हात जागच्या जागी रोखायचा. त्यांचा इशारेवाला इतका बोलायचा की त्याला सगळे पोपट म्हणत. तासन् तास हा पोपट त्याच्या कानात. आणि गंमत बघा, दुपारी कॅन्टीनमध्ये दोघं समोरासमोर बसले की एक शब्द नाही! पोपट खाली मान घालून जेवायचा, हाही जेवायचा, आणि हात धुवून दोघं दोन दिशांना. याचं त्याला कधी नवल वाटलं नव्हतं.

या खेपेला मात्र तो कायमचा आला होता. कारण त्याची मुलगी. एकुलती एक, लग्न होऊन लांब गेली होती. तिनं एक दिवस फोनवर बापाला चांगलंच धारेवर धरलं. "बाबा, मी पण गेले आता. आई त्या घरात एकटी असते. अख्खं आयुष्य एकटीनं काढलं तिनं. तुम्हाला कळत कसं नाही हो?"

त्याला ते फार लागलं. खरंच की, आपण कोण लागून गेलोय, असं त्याच्या मनात आलं. गुडघेही कुरकुरायला लागले होते. त्यानं साहेबाला सांगून टाकलं, आता पुरे, पुढच्या देशाला मी येत नाही. साहेब जुना माणूस. तो म्हणाला, "थोरली पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत तुझी खुर्ची कुणाला देत नाही. विचार बदलला तर फोन कर. एकदा दुसरा बसला की मात्र बसला."

बायकोला त्यानं यातलं काही कळवलं नाही. समोर बसवून सांगायचं आणि तिचा चेहरा बघायचा, असा त्याचा बेत होता. विमानात त्यानं तो चेहरा दहा वेळा बघून घेतला.

आणि घरी येऊन बघतो तर बाई गप्प.

रागावलेली नाही, बरं का. रुसवा नाही, टोमणा नाही. चहा वेळेवर, जेवण गरम, टॉवेल दाराला लावलेला. पण बोलणं म्हणाल तर, "अजून वाढू?" "पंखा लावू?" "हवंय का काही?" संपलं. पूर्वी तो यायचा तेव्हा घरात मुलगी असायची, तिच्या मैत्रिणी असायच्या, नातेवाईक येऊन जायचे. त्या गलबल्यात दोघं एकमेकांशी किती बोलतात ते मोजायला कोणाला सवड होती? आता घरात दोघंच. घड्याळाची टिकटिक ऐकू यायची.

त्यानं आपल्या परीनं खटपट केली. बँकेतल्या कारकुनाचं विचारलं. "आहे, बरा आहे," एवढंच उत्तर आलं. स्वयंपाकघरात मदतीला गेला, तर ती कोपऱ्याला सरकून उभी राहिली आणि हा कपाटं उघडत सुटला, मीठ काही सापडेना. ती शेजारणीशी खिदळत असायची, आणि याच्या चपलांचा आवाज आला की दोघीही एकदम गप्प. शेजारीण पदर सावरून निघूनच जायची. एकदा सकाळी चहा पिताना त्याचं कपाकडे लक्ष गेलं. सोनेरी कडेचा कप होता. तिचा स्वतःचा दांडी तुटलेला, रोजचा. पाहुण्यांसाठी म्हणून वरच्या फळीवर ठेवलेल्या कपांतला एक कप ती रोज त्याच्यासाठी खाली काढत होती. त्याला वाईट वाटलं.

सांगायचं राहूनच गेलं. तिकडे थोरली समुद्र कापत चालली होती आणि इकडे हा रोज ठरवायचा, आज सांगू. तिच्या गप्प तोंडाकडे बघितलं की बेत उद्यावर जायचा. इतकी वर्षं त्याच्या हातांना एकच शिकवण होती, आवाज थांबला की थांबायचं. तो थांबायचा.

अशात एका संध्याकाळी तिनं त्याच्या हातात पिशवी दिली. "बटाटे आणि लिंबं," म्हणाली. तो बाजारात गेला. लिंबं दोन तऱ्हेची होती, कुठली घ्यावी कळेना, म्हणून त्यानं सवयीनं घरी फोन लावला.

"अय्या, तुम्ही होय!" पलीकडून आवाज आला. "बोला, बोला! अहो, पातळ सालीची घ्या, तो मेला जाड सालीची गळ्यात मारतो. आणि ऐका ना, गंमत सांगते. तो कारकून नाही का माझा, नाकात बोलणारा? त्याची बदली झाली! आणि जाताना मला म्हणतो कसा..." आणि ती नाकात बोलायला लागली.

तो बटाट्यांच्या ढिगापाशी उभा राहून हसला. किती दिवसांनी! लोकांच्या वाटेत आला म्हणून बाजूला झाला, बंद दुकानाच्या पायरीवर बसला, आणि ती बोलतच होती. तीच ती. तोच आवाज, तेच "ऐका ना". मग आवाज थोडा खाली आणून, मैत्रिणीला सांगावं तशी ती म्हणाली, "खरं सांगू का? तो माणूस घरात आला ना, की मला काही सुचेनासंच होतं."

"कोण माणूस?"

"आहे एक. दिवसभर माझ्याकडे बघत बसतो. चांगला आहे हो, वाईट नाही. पण त्याच्यासमोर जांभई द्यायचीही मला चोरी वाटते. तुमच्याशी कसं, मी काहीही बोलते."

त्याला हसूही येईना आणि रागही येईना. आता नाही तर कधीच नाही, असं त्याला वाटलं. "अगं," तो म्हणाला, "मी परत जात नाहीये. नोकरी सोडतोय. कायमचा आलोय."

तो पिशवी धरून बसून राहिला.

"हॅलो? आहेस ना?"

"मग मला फोन कोण करणार?" ती म्हणाली.

"फोन कशाला लागतोय? मी घरातच असणार की."

"तेच तर," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. फोनवर ती आजवर कधी रडली नव्हती. बाळंतपणात नाही, तिची आई गेली तेव्हाही नाही. "अहो, सगळे म्हणतात, बिचारी एकटी राहिली. मी एकटी नव्हते हो. दिवसभर काही झालं की वाटायचं, संध्याकाळी सांगायचंय. ते सांगण्यावर दिवस जायचा माझा. मी आता एकटी पडेन."

"सवय होईल," तो म्हणाला. त्याचा त्यालाच तो आवाज खोटा वाटला.

"होईल," ती नाक पुसत म्हणाली. "करेन मी सवय. तुम्ही राहा. तुमचंच घर आहे." आणि मग घाईघाईनं, "पण आत्ता लगेच येऊ नका. थोडा वेळ तिथंच थांबा. बोला माझ्याशी."

तो थांबला. बाजार उठेपर्यंत थांबला. घरी गेला तेव्हा तिनं दार उघडलं, डोळे लाल होते. तिनं पिशवी घेतली, लिंबं बघितली, "बरी आहेत," म्हणाली, आणि आत गेली. जेवण झालं. तिनं विचारलं, अजून वाढू? त्यानं नको म्हटलं.

मग तो बाहेरच्या खोलीत गेला, आणि तिला ऐकू जाईल अशा बेतानं साहेबाला फोन लावला. "साहेब, खुर्ची दिली नाहीत ना कुणाला? थोरली धक्क्याला लागली की मी हजर." आत भांडी घासायचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला, मग पुन्हा सुरू झाला. ती बाहेर आली नाही, आणि ती "जाऊ नका" म्हणत आली असती तर तो राहिला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

निघायच्या दिवशी ती फाटकापर्यंत आली. टॅक्सी उभी होती. ड्रायव्हरनं बॅग डिकीत टाकली. तिनं याच्या शर्टाची कॉलर नीट केली, होतीच नीट, तरी केली. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोघं उभे राहिले, लग्नात फोटोला उभे होते तसे अवघडून. मग तो गाडीत बसला.

गाडी कोपऱ्यावर वळली, लॉन्ड्री मागे पडली, आणि त्याच्या खिशात फोन वाजला.

"अहो, डबा वरच्या कप्प्यात ठेवलाय, आडवा करू नका," ती म्हणाली. "आणि ऐका ना, तुम्ही गेलात आणि लगेच ती वरची खाली आली, म्हणते कशी..."

त्यानं फोन कानाशी घट्ट धरला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. ड्रायव्हरनं आरशात एकदा बघितलं आणि रेडिओ बंद केला. विमानतळ येईपर्यंत ती बोलत होती, आणि तो हुंकार देत होता.