अभिनवच्या खात्यातला बदल

सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने कधी संगणकातल्या माहितीचा बॅकअप घेतला नसावा. जागेचंही सोंग आणता येत नाही. डिस्क अर्ध्यातच भरली की केलेलं सगळं पाण्यात. म्हणून पुण्याजवळच्या मांजरी गावात, साखर कारखान्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या एका छोट्या कंपनीत, नम्रता दर शुक्रवारी बॅकअपच्या आधी युनिक्सच्या सर्व्हरला विचारून घ्यायची : मागच्या पूर्ण बॅकअपनंतर कुणाच्या खात्यात किती बदललं आणि त्याला जागा किती लागेल? सर्व्हर खातेनिहाय अंदाज सांगायचा.

अभिनवच्या नावापुढे कायम शून्य.

अभिनव पूर्वी तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. दोघंही यवतमाळकडचे, त्यामुळे पुण्याच्या गोडसर आमटीला नावं ठेवता ठेवता मैत्री झाली, आणि नम्रताच्या बाजूने ती मैत्रीवर थांबली नाही. मग तो जर्मनीला गेला. जाताना म्हणाला, "खातं राहू दे माझं. मधूनमधून येऊन बघत जाईन." तो अर्धवट राहिलेल्या प्रोग्रामांबद्दल बोलत होता, हे कुणालाही कळलं असतं. नम्रतालाही कळलं होतं, पण मनाला कोण समजावणार? तिकडून फोन येईना आणि ही करेना. जो गेला त्याने करावा, असा हिचा हिशेब. असल्या हिशेबात माणसं आयुष्य घालवतात.

यंदा गळीत हंगाम सुरू झाला आणि नोंदींचा पूर आला. डिस्क पुरेना. कंपनीच्या मालकीण विजयमालाताई मूळच्या मांजरीच्याच. शब्द कमी वापरायच्या आणि जिव्हारी लागतील असे वापरायच्या. नको ती खाती काढून टाक, म्हणाल्या, आणि पहिलं बोट अभिनवच्या खात्यावर ठेवलं. "आता इथं हाय काय त्याचं?" नम्रताने तो येऊन काम बघणार आहे असं सांगितलं. ताईंनी त्याला शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

शुक्रवारी तिने अंदाज काढला. अभिनवच्या नावापुढे शून्य नव्हतं. आकडा अगदी चिमुकला होता, पण होता. नम्रताने खुर्ची मागे सरकवली. आला होता तो. हजारो मैलांवरून, दार न वाजवता, पण आला होता. ती तशीच उठून ताईंच्या खोलीत गेली आणि खातं ठेवावं लागेल म्हणाली, अभिनव येऊन गेलाय. ताईंनी तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि बरं म्हणाल्या.

जागेवर परत आल्यावर, त्याने काय केलं ते तरी बघू, म्हणून तिने बदललेली फाईल शोधली. बदल एकच होता. खात्यात शिरून दिलेल्या आज्ञा सर्व्हर आपोआप टिपून ठेवतो, ती फाईल. वेळ मंगळवार दुपारची, जेवणाच्या सुट्टीतली.

मंगळवारी दुपारी ती एकटीच होती. सर्व्हर तिच्याच ताब्यात होता, आणि खातं जाणार या धास्तीने ती अभिनवच्या नावाने आत शिरली होती. त्याच्या नावाने शिरलं तरच त्याने लिहून ठेवलेली स्वागताची ओळ दिसायची : 'बसा, चहा येतोय.' ती बसली, दोन फाईली उघडून पाहिल्या, बाहेर आली. नुसतं पाहिल्याने काय बदलतं, असं तिला वाटलं होतं.

बाहेरून कुणीच आलेलं नव्हतं. तिने तेही तपासलं, आणि एकदा तपासून भागलं नाही म्हणून पुन्हा तपासलं. रडू आलं, पण समोरच लोक डबे उघडत होते.

मग ती ताईंच्या दाराशी गेली. ताईंनी मान वर केली.

"ताई, ते खातं काढते," नम्रता म्हणाली. "तिथे तो नव्हता आला. मीच गेले होते."